राजवाडा आज बंद आहे : बँकॉकमधील एका नीलम-खरेदीचा प्रकरण अभ्यास

पर्यटकांच्या फसवणुकीचे प्रकार असंख्य असले, तरी बारकाईने अभ्यास करावा असे त्यातले थोडेच असतात. मीटर बंद ठेवून भाडे उकळणे, सुट्ट्या पैशांत घोळ घालणे, गर्दीत पाकीट मारणे हे अडवणुकीचे किंवा हातचलाखीचे प्रकार आहेत. त्यांत आपले पैसे जातात, पण आपले मत कोणी बदललेले नसते. बँकॉकमधील रत्नांची फसवणूक मात्र वेगळ्या जातीची आहे. तीत पर्यटक स्वतःच्या पायांनी दुकानात जातो, स्वतःच्या तोंडाने भाव करतो, स्वतःच्या हाताने सही करतो आणि निघताना दुकानदाराचे आभारही मानतो. निदान तीन दशके हा प्रकार त्याच शहरात, त्याच राजवाड्याच्या भिंतीलगत आणि जवळजवळ त्याच वाक्यांनिशी चालू आहे. प्रवासी मार्गदर्शिका त्याबद्दल सावध करतात, राजवाड्याच्या परिसरात तशा सूचना लावलेल्या असतात, आणि तरीही तो चालतो. तो कसा चालतो, हे एका दिवसाच्या हकिकतीतून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

पुढील प्रकरण प्रातिनिधिक आहे, हे आधीच सांगणे योग्य होईल. ही कोणा एका कुटुंबाची कहाणी नाही. अनेक पर्यटकांनी वर्षानुवर्षे सांगितलेला घटनाक्रम एकमेकांशी इतका जुळतो, की त्यातून एक पूर्ण दिवस उभा करता येतो. त्यातील माणसे आणि रकमा उदाहरणादाखल आहेत. ठिकाणे, नियम आणि फसवणुकीची पद्धत खरी आहे. २०२४ साली २० लाखांहून अधिक भारतीय थायलंडला गेले, त्यामुळे मराठी वाचकाला हे प्रकरण परके वाटू नये.

घटनाक्रम

बँकेतून शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी सहा दिवसांसाठी थायलंडला गेले. प्रवासी कंपनीबरोबर न जाता त्यांनी सगळा बेत स्वतः आखला होता आणि दुसरा दिवस ग्रँड पॅलेससाठी राखून ठेवला होता. पहिल्या रामा राजाने १७८२ साली राजधानी बँकॉकला आणली, तेव्हापासूनचा हा राजवाडा असून त्याच्याच आवारात ‘वाट फ्रा केओ’ हे पाचूच्या बुद्धाचे मंदिर आहे. (त्या शहरातला हा सर्वांत प्रसिद्ध ‘पाचू’ प्रत्यक्षात पाचू नाही, दुसऱ्याच एका हिरव्या दगडाची ती मूर्ती आहे; पण ती माहिती कोणी लपवत नाही, आणि त्या नावाने कोणाला काही विकतही नाही.) परदेशी पर्यटकांसाठी तिकीट ५०० बाट (बाट हे थायलंडचे चलन) आहे आणि तिकिटाची खिडकी रोज सकाळी साडेआठ ते दुपारी साडेतीन उघडी असते. ही माहिती गृहस्थांनी घरून निघण्यापूर्वी वाचली होती आणि वहीत लिहूनही घेतली होती. ही गोष्ट पुढच्या सगळ्या विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

चाओ फ्राया नदीतून बोटीने येऊन दोघे था चांग धक्क्यावर पावणेदहाच्या सुमारास उतरले आणि राजवाड्याच्या पांढऱ्या भिंतीच्या कडेने चालू लागले. या भिंतीला अनेक दरवाजे आहेत. त्यातले बहुतेक पर्यटकांसाठी कधीच उघडत नाहीत; पर्यटकांचा प्रवेश उत्तरेकडच्या ‘विसेत चाई सी’ नावाच्या दरवाजातून होतो. हे दोघे अशाच एका बंद दरवाजापाशी घुटमळले, तेव्हा इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेला आणि गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक मनुष्य हसतमुखाने पुढे आला. तुम्ही भारतातून आलात का, मुंबईचे का, थायलंडमध्ये पहिल्यांदाच का, अशी विचारपूस करून त्याने सांगितले, की आज बौद्ध सण असल्याने भिक्षूंची प्रार्थना चालू आहे आणि राजवाडा दुपारी एकनंतर उघडेल. बोलता बोलता त्याने समोरच्या बंद दरवाजाकडे बोट दाखवले. दरवाजा खरोखरच बंद होता.

त्याने काहीही विकले नाही, पैसे मागितले नाहीत. उन्हात तीन तास उभे राहण्यापेक्षा जवळची दोन मंदिरे पाहून या, असे सुचवून त्याने गृहस्थांच्या हातातल्या नकाशावर तीन वर्तुळे काढली. पहिले वाट इंथरविहानचे होते, जिथे ३२ मीटर उंचीची उभी बुद्धमूर्ती आहे. दुसरे ‘लकी बुद्धा’ असे त्याने नाव सांगितलेल्या एका लहान मंदिराचे होते. तिसरे वर्तुळ काढताना तो जाता जाता म्हणाला, की इथे सरकारी निर्यात केंद्र आहे, वर्षातून एकच आठवडा सामान्य माणसाला करमुक्त भावाने रत्ने मिळतात आणि आज त्याचा शेवटचा दिवस आहे. तुम्हाला त्यात रस नसेल तर सोडून द्या. तेवढ्यात एक टुकटुक, म्हणजे तिथली तीनचाकी रिक्षा, आले. त्या मनुष्याने चालकाशी थाई भाषेत बोलून तिन्ही ठिकाणे आणि परतीचा प्रवास मिळून ४० बाट ठरवून दिले व स्वतः निघून गेला.

उभा बुद्ध भव्य होता आणि फोटो चांगले निघाले. दुसऱ्या मंदिरात शुकशुकाट होता. चालक बाहेर थांबला. आत एक नीटनेटका, सावकाश इंग्रजी बोलणारा थाई मनुष्य बसलेला होता. त्याने बूट कुठे काढायचे ते सांगितले, उदबत्ती कशी लावायची ते दाखवले आणि हळूहळू गप्पा सुरू झाल्या. तो म्हणे वकील होता, सुट्टीवर आला होता, त्याचा एक मित्र मुंबईत होता. तुम्हाला टुकटुकवाल्याने किती घेतले असे त्याने विचारले, आणि ४० बाट ऐकून, म्हणजे सरकारी योजनेतला आहे, चांगला मिळाला, असे म्हणाला. मग रत्नांच्या आठवड्याचा विषय त्यानेच काढला. आपण दर वर्षी थोडे नीलम घेतो, परदेशातल्या नातेवाइकांमार्फत दुप्पट भावाने विकतो आणि त्यात सहलीचा खर्च निघतो, असे त्याने सांगितले. दुकानाचे नाव त्याने उच्चारले नाही.

पावणेबाराला टुकटुक दुकानासमोर थांबले. आत गारवा होता, थंड पेय होते, भिंतीवर चौकटीत बसवलेली प्रमाणपत्रे होती. एक गोरे जोडपे आधीच बसून अंगठ्या पाहत होते. त्यातल्या पुरुषाने, आम्ही मागच्या वर्षीही इथूनच नेले होते, असे आपण होऊन सांगितले. एक अंगठी आणि दोन सुटे खडे यांना विक्रेतीने ९२,००० बाट सांगितले. गृहस्थांनी घासाघीस केली, व्यवस्थापक बाहेर आला, त्याने कपाळाला आठ्या घातल्या, आणि सौदा ६६,००० बाटवर आला. एका बाटला अडीच रुपये धरले, तर ही रक्कम १ लाख ६५ हजार रुपये होते. याच वेळी पत्नी हळूच म्हणाल्या, ‘‘अहो, विचार करून उद्या येऊ की.’’ त्यावर गृहस्थ म्हणाले, ‘‘अगं, आज शेवटचा दिवस आहे.’’ कार्डाच्या यंत्राने रक्कम बाटमध्ये हवी की रुपयांत, असे विचारले. त्यांनी सोयीचे म्हणून रुपये निवडले आणि वाईट विनिमय दरामुळे आणखी थोडे नुकसान पदरात घेतले. एवढा मौल्यवान माल जवळ घेऊन फिरू नका, आम्ही विमा उतरवून घरी पाठवतो, अशी दुकानाने केलेली सूचना त्यांना काळजीचीच वाटली. सव्वाएक वाजता टुकटुकने त्यांना पुन्हा राजवाड्यापाशी सोडले, त्यांनी राजवाडा पाहिला आणि दिवस छान गेला असे वहीत लिहिले.

जामीनदार कोणी आणले?

अशा प्रकरणांवर बहुतेकांचा पहिला अभिप्राय ‘हाव नडली’ असा असतो. मला तो अपुरा वाटतो. विकून दुप्पट पैसे मिळतील हा मोह शेवटी होता, हे खरेच आहे. पण तो दिसू लागेपर्यंत दोन तास उलटले होते, आणि त्या दोन तासांत या माणसांनी जे केले ते कोणत्याही भल्या पर्यटकाने केले असते. वेळ वाया जाऊ नये म्हणून त्यांनी मंदिरे पाहिली, परक्या देशात कोणी आपुलकीने बोलले तर उलट आपुलकीने उत्तर दिले, आणि पाहायला काय जाते, असे म्हणून ते एका दुकानात डोकावले. यातल्या कोणत्याच पायरीवर त्यांना हावरट म्हणता येणार नाही.

‘भोळेपणा’ हा दुसरा अभिप्रायही इथे लागू पडत नाही. हे गृहस्थ भोळे नव्हते. आयुष्यभर कर्जाचे अर्ज तपासलेला हा माणूस होता आणि त्या दिवशीही त्यांनी तपासणी केलीच होती. पहिल्या मनुष्याचे म्हणणे त्यांनी सहज मान्य केले नाही; मंदिरातल्या वकिलाकडून त्याला दुजोरा मिळाला तेव्हाच त्यांच्या मनाने होकार दिला. वकिलाच्या म्हणण्याला दुकानातल्या गोऱ्या जोडप्याचा दुजोरा मिळाला. चालक तर काहीच बोलला नव्हता, आणि त्याच्या त्या बेफिकिरीनेच त्याची साक्ष पक्की झाली होती. एकमेकांना न ओळखणाऱ्या चार माणसांनी एकच गोष्ट सांगितली, तर ती खरी असण्याचा संभव वाढतो, हा व्यवहारातला साधा आणि एरवी योग्य असा नियम आहे. इथे चूक नियमात नव्हती. ती चार माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, हे गृहीतच चुकीचे होते, आणि ते तपासण्याचे कारण त्यांना दिसले नाही.

बँकेच्या भाषेत सांगायचे, तर कर्जदाराने आपले जामीनदार स्वतःच आणले होते, आणि शाखाधिकाऱ्याने ते वाटेत आपोआप भेटलेले सज्जन आहेत असे मानले. त्या दिवशी भेटलेल्या चौघांपैकी एकालाही गृहस्थांनी स्वतः निवडलेले नव्हते. पहिला आपण होऊन पुढे आला. चालक पहिल्याने थांबवला. वकील ज्या मंदिरात बसला होता, ते मंदिर पहिल्याच्या वर्तुळात होते. गोरे जोडपे ज्या दुकानात होते, ते दुकान चालकाने दाखवले. साखळीतला प्रत्येक दुवा आधीच्या दुव्याने पुढे केलेला होता, आणि सगळी साखळी एका बंद दरवाजापाशी सुरू झाली होती.

या बाबतीत एका जुन्या ठकाशी तुलना करणे उद्बोधक ठरेल. १८४९ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्प्सन नावाचा मनुष्य पकडला गेला. तो रस्त्यात एखाद्या सधन गृहस्थाशी जुनी ओळख असल्यासारखे बोलायचा आणि मग, उद्यापर्यंत तुमचे घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका विश्वास तुम्हाला माझ्याबद्दल वाटतो का, असे विचारायचा. वर्तमानपत्रांनी त्याला ‘विश्वासाचा माणूस’ अशा अर्थाचे नाव दिले आणि इंग्रजीत ठकासाठीचा तो शब्द तेव्हापासून रूढ झाला. थॉम्प्सन एकटा होता आणि विश्वास उघडपणे मागत होता. बँकॉकच्या साखळीत विश्वास कोणीच मागत नाही. ज्याने राजवाडा बंद असल्याचे सांगितले त्याला काही विकायचे नव्हते, ज्याने रत्नांचे कौतुक केले त्याचे दुकान नव्हते, आणि ज्याचे दुकान होते त्याने पर्यटकाला बोलावलेच नव्हते. प्रत्येकाने खोटे बोलण्याचा आपला वाटा इतका लहान ठेवला होता, की त्याच्यावर संशय घेणे पर्यटकाला अशिष्टपणाचे वाटावे.

पहिल्याच वाक्यात ही सगळी रचना कशी सामावली आहे, तेही पाहण्यासारखे आहे. ‘राजवाडा आज बंद आहे’ या वाक्याने पर्यटकाचा ठरलेला बेत मोडतो, त्याच्या हातात तीन रिकामे तास येतात आणि ते भरून देणारा मनुष्य समोर उभा असतो. शिवाय हे वाक्य बंद दरवाजासमोर उच्चारले जाते, म्हणून डोळ्यांना ते खरे दिसते. वहीत लिहिलेल्या ‘रोज साडेआठ ते साडेतीन’ या नोंदीपेक्षा समोरचा दरवाजा आणि गळ्यातले ओळखपत्र त्या क्षणी अधिक वजनदार ठरले. राजसमारंभाच्या प्रसंगी राजवाडा पर्यटकांसाठी क्वचित बंद ठेवतातही, त्यामुळे ते वाक्य अगदीच अशक्य कोटीतले नसते. कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन उत्तरेकडचा दरवाजा पाहायला फार तर दहा मिनिटे लागली असती.

आपल्याकडेही हीच युक्ती परदेशी पाहुण्यांवर चालते, हे विसरून चालणार नाही. परदेशी प्रवाशांसाठी असलेले नवी दिल्ली स्थानकातील आरक्षण कार्यालय बंद झाले आहे किंवा दुसरीकडे हलवले आहे, असे सांगून त्यांना बाहेरच्या एखाद्या खासगी प्रवासी कचेरीत नेणारे लोक त्या स्थानकाबाहेर कित्येक वर्षे आहेत. तिथेही पहिले वाक्य ‘बंद आहे’ हेच असते.

चाळीस बाट आणि सात टक्के

त्या दिवशी दोन आकडे असे होते, की त्यांच्यावर पाच मिनिटे विचार केला असता तर साखळी तुटली असती.

पहिला आकडा टुकटुकच्या भाड्याचा. बँकॉकमध्ये जवळच्या एका फेरीलाही टुकटुकवाला पर्यटकाकडे ४० बाटांपेक्षा अधिक मागतो. तीन ठिकाणे, प्रत्येक ठिकाणी थांबणे आणि परतीचा प्रवास हे सगळे तेवढ्या पैशांत होत असेल, तर उरलेला खर्च दुसरे कोणीतरी देत असते. ते देणारे दुकान असते: पर्यटकाला आणून सोडल्याबद्दल चालकाला पेट्रोलची कुपने मिळतात आणि खरेदी झालीच तर दलाली मिळते. स्वस्त भाडे मिळाल्याचा आनंद गृहस्थांना झाला, आणि तो वकिलाने ‘सरकारी योजना’ म्हणून अधिकच वाढवला. एखादी सेवा तिच्या खर्चाहून कमी पैशांत मिळते, तेव्हा गिऱ्हाईक कोण आणि माल कोण, हा प्रश्न विचारण्याची सवय बँकेच्या माणसाला असायला हवी होती, असे मात्र मला म्हणावेसे वाटते.

दुसरा आकडा कराचा. थायलंडमध्ये मूल्यवर्धित कर ७ टक्के आहे. म्हणजे ‘करमुक्त आठवडा’ खरा असता, तरी शंभर बाटांच्या खड्यामागे सहा-सात बाटच वाचले असते; त्यातून दुप्पट नफ्याचा हिशेब कोणत्याही गणिताने निघत नाही. शिवाय पर्यटकांना ठरावीक दुकानांतून आणि ठरावीक रकमेवरच्या खरेदीवर हा कर विमानतळावर परत मिळण्याची सोय वर्षभर असते, तिच्यासाठी विशेष आठवडा लागत नाही. थाई सरकार रत्नांचे कोणतेही दुकान चालवत नाही आणि असा सवलतीचा आठवडाही नसतो, हे तिथल्या पर्यटन प्राधिकरणाने पुनःपुन्हा स्पष्ट केले आहे.

भारतात दुप्पट भावाने विकण्याची गोष्ट तर याहूनही पोकळ होती. रंगीत रत्नांच्या व्यापारात बँकॉक आणि जयपूर ही जगातली दोन मोठी केंद्रे आहेत आणि भारतीय जवाहिरे बँकॉकमध्ये पेढ्या थाटून बसलेले आहेत. या दोन बाजारांच्या भावांत दुपटीची तफावत असती, तर ती भरून काढायला सहा दिवसांच्या सहलीवर आलेल्या निवृत्त शाखाधिकाऱ्याची वाट कोणी पाहिली नसती.

मालाविषयी

खडे घरी पोहोचले ते परतल्यानंतर आठ दिवसांनी. गृहस्थांनी ते आपल्या नेहमीच्या सराफाला दाखवले. त्याने भिंगातून पाहून, खडा नीलमच आहे, पण मला विचाराल तर किंमत फार दिलीत, असे सांगितले. मग त्यांनी प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली. अहवाल आला: नैसर्गिक नीलम, उष्णता-प्रक्रिया केलेला. अहवाल वाचून गृहस्थांना क्षणभर हायसे वाटले, कारण खडे ‘खरे’ निघाले होते.

या फसवणुकीचा सगळ्यांत चतुर भाग इथे आहे. दुकानाने काच विकली असती, तर गुन्हा उघड झाला असता. नीलम आणि माणिक ही दोन्ही ‘कोरंडम’ या एकाच खनिजाची रूपे आहेत. रासायनिकदृष्ट्या ते ॲल्युमिनियम ऑक्साइड असते आणि कठिणपणात हिऱ्याखालोखाल म्हणजे मोस मापनावर ९ असते. हे खनिज प्रयोगशाळेतही बनते. ऑगस्त व्हर्नुइल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९०२ साली ज्योतीवर वितळवून माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली. तेव्हापासून कृत्रिम खडे स्वस्तात मिळतात, आणि म्हणून ‘नैसर्गिक’ हा शब्द गिऱ्हाइकाला फार मोठा वाटतो. प्रत्यक्षात नैसर्गिक नीलमही अनेक प्रतींचा असतो. काळपट, धुरकट, डागांचा, घाईने पैलू पाडलेला खडा नैसर्गिकच असतो आणि तरीही त्याची किंमत किरकोळ असू शकते. रंग, पारदर्शकता, पैलू, वजन, मूळ खाण आणि प्रक्रिया झाली की नाही, यांवर भाव ठरतो, आणि सोन्यासारखा रोजचा छापील दर त्याला नसतो. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, एवढ्याशा वजनाच्या दोन खड्यांच्या किमतींत कित्येक पटींचा फरक असू शकतो, आणि तो फरक नवख्या डोळ्यांना दिसत नाही.

उष्णता-प्रक्रियेबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. १९७०च्या दशकात थाई व्यापाऱ्यांनी श्रीलंकेतले दुधट, जवळजवळ टाकाऊ कोरंडम मोठ्या प्रमाणावर घेऊन भट्टीत तापवायला सुरुवात केली आणि त्यातून सुरेख निळे खडे निघू लागले. थायलंडच्या चंथाबुरी आणि कांचनाबुरी भागांतल्या खाणी पुष्कळशा आटल्या, तरी तापवणे, पैलू पाडणे आणि विकणे यांत तो देश पुढे राहिला. त्यामुळे बँकॉकमध्ये उत्तम रत्ने आणि प्रामाणिक पेढ्या भरपूर आहेत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. भट्टीत तापवलेला खडा म्हणजे खोटा खडा नव्हे. ती प्रक्रिया बाजारात सर्वमान्य आहे, फक्त ती सांगितली गेली पाहिजे आणि भाव त्या मानाने असला पाहिजे.

प्रयोगशाळेचा अहवाल खडा काय आहे ते सांगतो, त्याची किंमत सांगत नाही. भिंतीवरच्या प्रमाणपत्रांनीही तेवढेच सांगितले असते, आणि तीही दुकानानेच लावलेली होती. बँकॉकमध्ये १९९८ साली स्थापन झालेली रत्न व आभूषण संस्था आहे आणि तिची प्रयोगशाळा खडे तपासून देते. पण आधी तपासू, मग पैसे देऊ, अशी अट गृहस्थांनी घातली नाही, कारण शेवटच्या दिवसाच्या दुपारी बारा वाजता तशी अट घालायला सवड नव्हती. जाता जाता एक गोष्ट नोंदवतो. नीलम बाधतो की लाभतो, हे पाहण्यासाठी तो उशाखाली ठेवून तीन रात्री वाट पाहण्याची रीत आपल्याकडच्या कितीतरी घरांत आहे. त्या रीतीमागच्या समजुतीवर माझा विश्वास नाही, पण त्या तीन रात्रींचे मोल या प्रकरणात फार झाले असते.

पावती, बँक आणि पोलीस

सराफाच्या अंदाजाने त्या सगळ्या मालाची किंमत दिलेल्या रकमेच्या लहानशा अंशाएवढी होती. गृहस्थांनी प्रथम कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार केली. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार अनधिकृत व्यवहार ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवला आणि चूक त्रयस्थाची असली, तर ग्राहकावर जबाबदारी येत नाही. पण हा व्यवहार अनधिकृत नव्हता. कार्ड त्यांनी स्वतः दिले होते आणि रक्कम पाहून मान्यता दिली होती. दुसरा मार्ग कार्ड-कंपन्यांच्या नियमांतल्या ‘चार्जबॅक’चा, म्हणजे कार्डावरून गेलेली रक्कम बँकेमार्फत परत मागण्याचा, होता. माल वर्णनाप्रमाणे नाही, अशा कारणावरून साधारणपणे १२० दिवसांत दावा करता येतो. त्यासाठी मुळात वर्णन लेखी असावे लागते. दुकानाच्या पावतीवर ‘नैसर्गिक निळा नीलम’, नगांची संख्या, वजन आणि एकूण रक्कम एवढेच होते. दुप्पट भाव, सरकारी केंद्र, करमुक्त आठवडा, शेवटचा दिवस यांतले काहीही कागदावर नव्हते, आणि त्यातले बरेचसे तर दुकानाच्या माणसाने उच्चारलेही नव्हते. पावतीवरचे वर्णन प्रयोगशाळेच्या अहवालाशी तंतोतंत जुळत होते. दावा फेटाळला गेला.

बँकॉकमध्ये असतानाच संशय आला असता, तर परिस्थिती बरी असती. थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचे वेगळे दल आहे आणि ११५५ हा त्यांचा क्रमांक चोवीस तास चालतो. पर्यटक स्वतः हजर असेल, माल त्याच्या हातात असेल आणि पोलीस मध्यस्थी करत असतील, तर काही दुकाने वजावट करून बरीचशी रक्कम परत करतात, असा अनेकांचा अनुभव आहे. माल टपालाने घरी पाठवण्याची सूचना किती सोयीची होती, आणि कोणाच्या सोयीची होती, ते यावरून लक्षात येते. पर्यटकाकडे परतीचे तिकीट असते आणि खडे त्याच्यानंतर देशात पोहोचतात. परत करण्यासाठी पुन्हा विमानप्रवास करण्याइतकी रक्कम बहुधा नसते, आणि भाव जास्त घेतला एवढ्यावरून फौजदारी गुन्हाही सहजी उभा राहत नाही.

साखळी कुठे तुटली असती?

अशा प्रकरणांत दुकानापाशी सावध राहण्याचा सल्ला नेहमी दिला जातो: भाव चार ठिकाणी विचारा, पावती नीट वाचा, घाई करू नका. सल्ला वाईट नाही, पण तो फार उशिरा कामी येतो. दुकानात पोहोचलेल्या माणसामागे दोन तासांची ओळख, तीन साक्षी आणि स्वतःच्या पारखीवरचा विश्वास जमलेला असतो. तिथे थांबायला पत्नीच्या एका वाक्याचाही उपयोग झाला नाही. आणि तरीही ते वाक्य त्या दिवसातले सर्वांत नेमके वाक्य होते. ‘उद्या येऊ’ याला प्रामाणिक दुकानदार ‘अवश्य या’ असेच म्हणतो. उद्याची मुदत नाकारणाऱ्याकडे उद्यापर्यंत टिकणारा माल नसतो.

खरी संधी पहिल्या दरवाजापाशी होती. आपण न विचारता जो माहिती देतो आणि त्या माहितीने आपला बेत बदलतो, त्याचे म्हणणे अशा ठिकाणी तपासायचे, जिथे आपण आपल्या पायांनी गेलो आहोत: तिकिटाच्या खिडकीवर, संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर, आपण स्वतः फोन लावलेल्या हॉटेलच्या स्वागतकक्षात, किंवा आपण निवडलेल्या एखाद्या तिसऱ्याच माणसाकडे. ‘आपण निवडलेल्या’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. गृहस्थांनी चौघांकडून खात्री करून घेतली. त्यांनी रस्ता ओलांडून पलीकडच्या फेरीवालीला राजवाड्याचा प्रवेश कुठे आहे, एवढे विचारले असते, तर ती एकच साक्ष त्या चौघांहून मोलाची ठरली असती. यात उद्धट होण्याची गरज नसते. आभार मानून पुढे चालत राहणे हे कोणत्याही भाषेत सभ्यच आहे, आणि माहिती देणारा खरोखर सज्जन असेल तर त्याचे त्यात काही बिघडत नाही.

बँकेने दावा फेटाळल्यावर गृहस्थांनी थाई पर्यटक पोलिसांना पाठवण्यासाठी त्या दिवसाचा तपशील वेळेनुसार लिहून काढायला घेतला. वही समोर होती, म्हणून वेळा अचूक लिहिता आल्या: पावणेदहाला धक्क्यावर, सव्वादहाला उभ्या बुद्धाजवळ, पावणेबाराला दुकानात. मग त्यांनी लिहिले, की सव्वाएक वाजता राजवाड्यापाशी परत आलो, तेव्हा बाहेर पडणाऱ्या लोकांची इतकी गर्दी होती की पत्नीचा हात धरून वाट काढावी लागली. हे वाक्य लिहून झाल्यावर त्यांनी पेन खाली ठेवला. एक वाजेपर्यंत राजवाडा बंद असता, तर सव्वाएकला इतके लोक तो पाहून बाहेर पडले नसते. त्या गर्दीतल्या बायका घामाने निथळत होत्या, मुले दमून वडिलांच्या खांद्यावर आली होती, आणि पुष्कळांच्या हातांत तिकिटाबरोबर मिळालेली माहितीपत्रके होती. कार्डावर रक्कम पडून तेव्हा जेमतेम तास उलटला होता, आणि दुकान तिथून टुकटुकने पंधरा मिनिटांवर होते.